तिसऱ्या पायरीची रेघ

रविवार, १४ जुलै. सकाळी सातला पारा २८. पाऊस नाही. दूध एक लिटर. संध्याकाळी साडेपाचला सोसायटीच्या हॉलमध्ये देवश्रीचं भाषण, विषय हवामानबदल. हजर माणसं एकेचाळीस. मी जुन्या डायऱ्यांतलं बारा मिनिटं वाचलं. फत्तेसिंहरावांनी एक प्रश्न विचारला, सगळे हसले. नंतर चहा आणि लीलो चेवडो. हॉलचा दुसरा पंखा आवाज करतो, सलीलला सांगितलं.

मंदाकिनीबाई प्रधानांच्या डायरीत त्या दिवसाचं एवढंच आहे. प्रश्न कोणता होता आणि लोक का हसले, ते नाही. तसलं काही लिहायची त्यांची रीतच नव्हती. बडोद्याच्या कॉन्व्हेंटात इंग्रजी शिकवणाऱ्या एका सिस्टरनं तेराव्या वर्षी त्यांच्या हातात पहिली वही ठेवली आणि सांगितलं, काय घडलं, कधी घडलं, किती, एवढं लिही. तुला काय वाटलं ते देवाला सांग, त्याच्याकडे वेळ असतो. आणि उद्याचं मुळीच लिहू नकोस. उद्याबद्दल तुला काही ठाऊक नाही.

आता मंदाकिनीबाई एकोणऐंशीच्या होत्या. वह्या सहासष्ट झाल्या होत्या. एकाही पानावर खाडाखोड नव्हती, आणि एकाही पानावर उद्या नव्हता.

लग्न होऊन त्या जुन्या बडोद्यातल्या घडियाळी पोळात आल्या तेव्हा यजमान रमाकांत पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी गच्चीवर पाऊस मोजायची काचेची बरणी बसवली. खात्यातली माणसं घरीही खात्यासारखीच वागतात, असं सासूबाई म्हणायच्या. महिन्याभरात रमाकांतांचा उत्साह संपला आणि बरणी सुनेच्या गळ्यात पडली. पुढे कुटुंब बडोद्यातच अकोट्याला, नदीपासून दोन गल्ल्या अलीकडे, तीन मजल्यांच्या सोसायटीत राहायला आलं, तेव्हा बरणीही आली. अकरा वर्षांपूर्वी रमाकांत गेले. त्या दिवसाच्या पानावर वेळ आहे, डॉक्टरांचं नाव आहे आणि खाली ‘पाऊस ०.२ इंच’ आहे.

अशा बाईला सोसायटीत मान असणारच. कुणाला मुंजीची तारीख हवी, कुणाला पाण्याची टाकी कोणत्या साली बदलली ते हवं, की पहिल्या मजल्यावर त्यांना फोन. पावसाळ्यात तर रोजच. विश्वामित्री नदी फुगली की खालचे वरचे सगळे विचारत, ‘काकू, मागच्या वेळी कुठपर्यंत आलं होतं हो?’ मंदाकिनीबाई चष्मा लावत, वही काढत आणि सांगत. दोन हजार पाच साली दुसऱ्या पायरीपर्यंत. एकोणीस साली तिसऱ्या पायरीपर्यंत, तिथे सव्वादोन तास थांबलं, मग उतरलं. तळमजल्याला सहा पायऱ्या होत्या. ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा, आणि तो पडलेला त्यांना फोनवरूनही ऐकू यायचा. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

देवश्री ही त्यांच्या भावाची नात. शहरातच गोत्रीला राहायची, कॉलेजात भूगोल शिकवायची. साध्या माणसांना हवामानबदल समजेल अशा भाषेत सांगायचा तिला ध्यास होता, आणि तिला वाटलं की मंदाआजीच्या डायऱ्यांसारखं दुसरं साधन नाही. म्हणून ते चौदा जुलैचं भाषण.

भाषण चांगलं झालं होतं. देवश्री म्हणाली, काचा बंद करून भर उन्हात उभी केलेली गाडी आठवा. ऊन आत येतं, ऊब बाहेर जात नाही. आपण दीडशे-दोनशे वर्षं कोळसा, पेट्रोल, गॅस जाळतोय, त्याच्या धुरातला वायू हवेत साठलाय, तो त्या काचेसारखा आहे. आपण सगळे त्या गाडीत बसलोय. लोकांनी माना डोलावल्या. मग मंदाकिनीबाईंनी वाचलं. प्रत्येक दहा वर्षांतला एकेक पावसाळा, एकूण किती इंच, पूर कुठपर्यंत. स्वच्छ, खणखणीत आवाजात.

वाचून झालं तसे फत्तेसिंहराव मोहिते उठले. तळमजल्यावर मंदाकिनीबाईंच्या बरोबर खालच्या घरात राहायचे, वय त्र्याऐंशी, वीज मंडळातून निवृत्त, रमाकांतांचे जुने स्नेही.

‘देवश्रीताई, छान सांगितलंत. पण मंदावहिनींच्या वहीवरून मला एवढंच कळलं, की इंच तेव्हाही तेवढेच होते, आजही तेवढेच आहेत, आणि पाणी तिसऱ्या पायरीच्या वर आयुष्यात आलेलं नाही. मग बदललं काय? आमचे गुडघे सोडून?’

हॉल खो खो हसला. देवश्री काहीतरी बोलत होती, पण तोवर चेवड्याच्या बश्या फिरायला लागल्या होत्या. घाबरवायला आणलेल्या डायऱ्यांनी सगळ्यांना निर्धास्त करून घरी पाठवलं.

इतकंच झालं असतं तर निभावलं असतं. पण सोसायटीचा सेक्रेटरी सलील उत्साही. पुढच्याच आठवड्यात त्यानं तळमजल्याच्या भिंतीवर, तिसऱ्या पायरीच्या पातळीला, लाल ऑइलपेंटची रेघ मारून घेतली. वर सुबक अक्षरांत लिहवून घेतलं, ‘पुराची कमाल पातळी. आधार : श्रीमती मं. र. प्रधान यांच्या डायऱ्या.’ मंदाकिनीबाई भाजी घेऊन येताना ती रेघ बघून थबकल्या. त्यांचं नाव भिंतीवर पहिल्यांदाच येत होतं. त्यांना बरं वाटलं, हे त्यांनी लिहिलं नाही.

रंग नीट वाळतोय तोच चोवीस जुलै उजाडली. दिवसभर कोसळला. दुपारी देवश्रीचा फोन आला, ‘आजी, खालच्या मोहनाआजींना वर आणा. नदी चढतेय. मी सांगते म्हणून आणा.’

मोहना म्हणजे फत्तेसिंहरावांची पत्नी. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. शब्दही अर्धेमुर्धे उरले. हवेच्या गादीवर असायची. फत्तेसिंहराव तिचं सगळं स्वतः करायचे, तिची वेणीसुद्धा तेच घालायचे, तिरपी. मंदाकिनीबाईंनी खाली जाऊन देवश्रीचा निरोप सांगितला. फत्तेसिंहरावांनी ऐकला. मोहनाला खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची कलली आणि तिचा निर्जीव उजवा हात कठड्यावर आपटला. मनगटाचं हाड मोडलं.

पाणी पहिल्या पायरीपाशी थांबलं आणि संध्याकाळपर्यंत उतरून गेलं.

फत्तेसिंहराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. प्लास्टर घालून आणल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘वहिनी, मी तुमच्या वहीवर विश्वास ठेवायला हवा होता. पोरीच्या फोनवर ठेवला.’

आणि मंदाकिनीबाईंच्या तोंडून निघून गेलं, ‘यापुढे वहीत असेल तेवढंच सांगेन, भावजी. शब्द देते.’

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात देवश्रीनं एक काम सांगितलं. इंचांचा तक्ता तिच्याकडे होता. आता तिला पावसाचे दिवस हवे होते. कोणत्या वर्षी किती दिवस पाऊस पडला आणि एका दिवसात बरणी भरून वाहिली असे दिवस किती.

‘ते कशाला गं? बेरीज तर दिली.’

‘बेरीज फसवते, आजी. महिनाभराचं जेवण महिनाभर जेवलात काय आणि एका बैठकीत जेवलात काय, बेरीज तीच.’

मंदाकिनीबाई चार दिवस मोजत होत्या. पेन्सिलीनं पाचापाचाचे गट. पहिली दहा वर्षं, मग पुढची दहा, अशा घड्या घातल्या. पाचव्या दिवशी दुपारी आकडे एका कागदावर उतरवले. सुरुवातीच्या दहा वर्षांत पावसाळ्याचे सरासरी बावन्न दिवस ओले. शेवटच्या दहांत चौतीस. इंच जवळजवळ तेच. बरणी एका दिवसात भरून वाहिली असे दिवस पहिल्या वीस वर्षांत मिळून दोन. शेवटच्या दहांत नऊ.

सगळं त्यांच्याच अक्षरात होतं. रोज सकाळी सात वाजता, चष्मा पुसून, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. सत्तावन्न वर्षं त्यांनी पाऊस मोजला आणि दिवस मोजले नाहीत. आणि त्या न मोजलेल्या गोष्टीवर सलीलनं लाल रेघ मारली होती. त्या रेघेच्या भरवशावर मोहना झोपत होती.

त्यांनी देवश्रीला फोन केला. आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न केला. ‘हे एका बरणीवरून ठरवायचं का?’

‘एका बरणीवरून नाहीच ठरत. पण जगभरच्या बरण्या हेच सांगतायत, आजी. पुढे किती येईल ते मागच्यावरून आता नाही सांगता येत. माझी इरा चार वर्षांची आहे. ती तुमच्याएवढी होईल तेव्हा तिला आपल्या वह्यांचा काय उपयोग, मला माहीत नाही.’

त्या संध्याकाळी मंदाकिनीबाईंनी सलीलला गाठून सांगितलं, ती रेघ पुसून टाक. सलील हसला. ‘काकू, टेन्शन नका घेऊ. पेंट पक्का आहे, दहा वरस चालशे.’

सव्वीस ऑगस्टला सोमवार होता. गोकुळाष्टमी. पहाटे चारपासून पाऊस लागला तो असा, की नळ सोडून कुणीतरी गावाला निघून गेलंय. मंदाकिनीबाईंनी सातला बरणी रिकामी केली. नऊला पुन्हा भरली होती. अकराला तिसऱ्यांदा. चौथ्यांदा त्यांनी ती धुऊन उपडी घातली आणि आत येऊन खुर्चीवर बसल्या. पावसाचा आवाज कमीजास्त होत नव्हता, हीच गोष्ट त्यांना सहन होईना. श्वास घ्यायला थांबत नाही असा पाऊस त्यांनी ऐकला नव्हता. बातम्यांत नदीच्या वरच्या अंगाच्या आजव्याच्या तलावाची पातळी सांगत होते, नदीची सांगत होते. देवश्रीचा फोन लागत नव्हता.

गॅलरीतून त्यांनी वाकून पाहिलं. आवारात घोटाभर पाणी. पहिली पायरी ओली. वही म्हणत होती, अजून दोन पायऱ्या आहेत, त्यानंतर सव्वादोन तास थांबतं, मग उतरतं. वहीत असेल तेवढंच सांगायचा शब्द दिला होता. मोहनाचं प्लास्टर अजून निघालं नव्हतं. पुन्हा तिला हलवलं आणि पाणी पुन्हा पहिल्या पायरीवरून माघारी गेलं तर? दुसरं हाड? पाठ? आणि नाही हलवलं तर?

पेन्सिलीचा कागद पदरात गुंडाळून, बगलेत चालू वही घेऊन त्या जिना उतरल्या. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

फत्तेसिंहराव स्वयंपाकघरात मोहनाची पेज ढवळत होते. मागे न बघताच म्हणाले, ‘या वहिनी. वेळेवर आलात. पेजेत मीठ किती ते वहीत असेल ना?’

‘भावजी, मोहनाला वर घेऊ या.’

पळी थांबली. ‘वहीत आहे?’

‘नाही.’

‘मग झालं.’ पळी पुन्हा फिरू लागली.

‘भावजी, वही चुकली नाही, मी वाचायला चुकले. मी इंच मोजले, दिवस मोजलेच नाहीत. हा कागद बघा. पूर्वी जेवढं बावन्न दिवसांत पडायचं तेवढं आता चौतीस दिवसांत पडतंय.’

‘दिवस कमी झाले तर चांगलंच. कपडे वाळतील.’

‘चेष्टा नका करू हो!’

तेव्हा ते वळले. डोळे लाल होते, रात्री झोपले नसावेत. ‘चेष्टा नाही करत. तिचा हात मोडला तेव्हा ती रडलीसुद्धा नाही, ठाऊक आहे? दुखतंय हे तिला कळलंच नाही. हात काळानिळा पडला तेव्हा मला कळलं. आता अजून काय मोडायचं तिचं? तुमची देवश्री सांगेल, टीव्ही सांगेल, उद्या वॉचमन सांगेल. प्रत्येक वेळी तिला गाठोड्यासारखी उचलू? भिंतीवर रेघ आहे. तुमच्या नावाची.’

एवढं बोलून ते पुन्हा शेगडीकडे वळले. मंदाकिनीबाईंना त्यांच्या पाठीशी बोलवेना. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि मोहनाच्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मोहना जागी होती. दार उघडंच होतं, तिनं सगळं ऐकलं होतं. पन्नास वर्षांची मैत्रीण. तिच्याजवळ खोटं धैर्य दाखवायची सवय नव्हती.

‘मोहना, मला नीट सांगता येत नाही गं. देवश्रीसारखं नाही येत.’

मोहनानं डाव्या हाताची बोटं हलवली. म्हणजे, सांग.

‘हे बघ. जानेवारीत लुगडं वाळत घातलं की संध्याकाळपर्यंत दमट. मे महिन्यात तासाभरात कडकडीत. त्यातलं पाणी जातं कुठे? हवा पिते. थंड हवा थोडी पिते, तापलेली हवा जास्त पिते. आता सगळी हवाच तापलीये, आणि हवेखालचा समुद्रही तापलाय. म्हणजे पिणारी जास्त तहानलेली आणि पाजणाराही सढळ. पूर्वी ती घोट घोट प्यायची आणि थोडं थोडं सांडायची. आता पोट फुगेपर्यंत पिते आणि एकदम ओकते. आज ओकतेय ती इथे. आणि आपण सगळीकडे फरश्या घातल्या, सिमेंट घातलं, तर जमीन पीत नाही. कांसांतून, म्हणजे पावसाळी नाल्यांतून, नदीत जायचं ते नदीच भरली की कांसांतून उलटं येतं. म्हणून माझी वही आता कामाची नाही. वहीतला पाऊस निराळा होता. मी तुम्हाला तिसरी पायरी सांगत राहिले. चौथी मला माहीत नाही. ती कुणालाच माहीत नाही.’

मोहना त्यांच्याकडे बघत होती. मग ओठ हलले. वेळ लागला.

‘मला… विचार.’

‘तुलाच विचारतेय. जायचं वर?’

उंबरठ्यावर फत्तेसिंहराव उभे होते, हातात पेजेची वाटी. ‘तिला काय विचारता? तिला कळतं का—’

मोहनानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वाक्य त्यांनीच गिळलं. वाटी टेबलावर ठेवली. खिडकीकडे पाठ करून उभे राहिले. बाहेर दुसरी पायरी बुडत होती, पण ते बघायला त्यांनी मान वळवली नाही.

‘लिहून द्या,’ ते अचानक म्हणाले.

‘काय?’

‘आत्ता, त्या वहीत. पाणी येणार आहे म्हणून. तारीख, सही. पाणी आलं नाही आणि तिचं काही बरंवाईट झालं, तर ते तुमच्या अक्षरात असू दे. तोंडचं मी ऐकत नाही आता. तुमचं लिहिलेलं मी पन्नास वर्षं ऐकलंय.’

मंदाकिनीबाईंनी वही उघडली. सव्वीस ऑगस्टचं पान कोरं होतं, कारण त्या नेहमी संध्याकाळी लिहीत. पेन हातात घेतलं आणि ते चालेना. न घडलेलं कसं लिहायचं? सहासष्ट वह्यांत न केलेली गोष्ट एका पानावर करायची. चुकलं तर ते तिथे कायमचं राहणार, खोडता न येणारं. आणि मोहनाला काही झालं तर रोज त्या पानावरून पुढे जावं लागणार. बरोबर ठरलं तर? तर ते आणखी भयंकर. त्यांना क्षणभर असंही वाटलं, की आपण लिहिलं म्हणूनच पाणी येईल. आपल्या अशा विचाराचीही त्यांना भीती वाटली.

त्यांनी लिहिलं. तीन ओळी. खाली सही केली आणि वही फत्तेसिंहरावांपुढे धरली.

‘वाच,’ पलंगावरून मोहना म्हणाली. या वेळी शब्द न अडखळता आला.

फत्तेसिंहरावांनी चष्मा वर सरकवला आणि मोठ्यानं वाचायला लागले. ‘दुपारी बारा चाळीस. आज पाणी रेघेच्या वर येईल आणि मोहनाच्या खोलीत शिरेल असं मला वाटतं. याला माझ्याकडे पुरावा नाही. मला…’

ते थांबले. पुन्हा सुरू केलं. ‘मला फार भीती वाटते आहे.’

पुढे सही होती. ती त्यांनी वाचली नाही. वही मिटून टेबलावर ठेवली, कोपऱ्यापासून नीट सरळ केली. रमाकांतांच्या चितेपाशीही ज्या बाईनं लाकडाचं वजन विचारून घेतलं होतं, तिची ही ओळ होती.

‘सलीलला हाक मारा,’ ते म्हणाले. ‘खुर्ची नको. जाजम घेऊ, चौपदरी. हात मी धरीन.’

सलील आला, वॉचमन आला, तिसऱ्या मजल्यावरचे दोघे पटेल बंधू आले. मोहनाचा प्लास्टरचा हात ओढणीनं छातीशी बांधला. जाजमाचे चार कोपरे चौघांच्या हातात. फत्तेसिंहराव तिच्या बाजूनं, एक हात तिच्या मनगटावर, जणू नाडीच बघतायत. मंदाकिनीबाई औषधांची पिशवी आणि वही घेऊन मागे. जिन्याच्या वळणावर सगळे थांबले. ‘धीमे, धीमे, काका,’ एक पटेल म्हणाला. मोहना डोळे मिटून होती. कठडा तिच्यापासून चार बोटं लांब राहिला. एकेक पायरी. वर पोहोचून तिला मंदाकिनीबाईंच्या पलंगावर ठेवलं तेव्हा ती म्हणाली, ‘वेणी,’ आणि फत्तेसिंहराव हसता हसता भिंतीला टेकून खाली बसले. वेणी सुटली होती.

सलील हवेची गादी आणि पंप आणायला पुन्हा खाली गेला. परत आला तो मांडीपर्यंत भिजलेला, फाटकापर्यंत जाऊन आला होता. खाली लाल रेघेवर पाणी होतं.

मग ते थांबलं नाही. सव्वादोन तास थांबायचं ते कुठल्याच पायरीवर थांबलं नाही. चौथी, पाचवी. पाचच्या सुमाराला सहावी. वीज गेली. खालच्या घरातून एकामागून एक आवाज येत राहिले. काहीतरी आपटल्याचा, काहीतरी तरंगत भिंतीला लागल्याचा. फ्रीज असेल. फत्तेसिंहराव प्रत्येक आवाजाला मान वर करत आणि पुन्हा खाली घालत. मोहनाचा पलंग होता त्या खोलीचं दार त्यांनी लावून घेतलं होतं. ते उघडलं गेल्याचा आवाज त्यांनी ओळखला.

उजेड असेतो मंदाकिनीबाई गॅलरीत उभ्या होत्या. आवार उरलं नव्हतं. फाटक नव्हतं, सलीलची गाडी नव्हती. तपकिरी पाणी फक्त, आणि त्यातून संथपणे जाणारं एक लांबट लाकूड.

‘आत या, वहिनी,’ मागून फत्तेसिंहराव हळूच म्हणाले. ‘ते लाकूड नाही.’

त्या आत आल्या आणि दार लावलं. पहिल्या मजल्यावर लावायचं काही कारण नव्हतं, तरी कडीही घातली. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घराच्या आवारात बघायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

मोहना झोपली होती. तिचा श्वास एकसारखा चालला होता. बाहेर पाऊस तसाच.

‘वहिनी,’ फत्तेसिंहराव म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. लहान मुलानं विचारावं तसं विचारलं. ‘रात्रीत किती चढेल?’

सत्तावन्न वर्षं लोक त्यांना हेच विचारत आले होते आणि त्या उत्तर देत आल्या होत्या. त्यांचा हात सवयीनं शेल्फाकडे गेला. सहासष्ट वह्या ओळीनं उभ्या होत्या, सालं लिहिलेल्या. हात तसाच परत आला.

‘मला माहीत नाही, भावजी.’

खालून पुन्हा काहीतरी आपटलं, या वेळी जिन्याच्या जवळ. पटेलांकडून फोन आला, वरती या, सगळे एकत्र बसू. पण मोहनाला आज दुसऱ्यांदा उचलायचं धैर्य कुणातच नव्हतं, आणि पाणी जिन्यात शिरलं तर काय करायचं, तेवढं सलीलशी ठरलं होतं. तो अर्ध्या अर्ध्या तासानं बॅटरी घेऊन जिन्यात येऊन जाणार होता.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. मेणबत्ती लावली. झाकणं उघडून एकेक भांडं पाहिलं. मग टेबलाशी बसून वही उघडली. दुपारच्या तीन ओळी आणि सही तिथेच होती. त्यांनी ती खोडली नाही. खाली एक ओळ रिकामी सोडली, घड्याळ बघितलं आणि लिहिलं :

सायंकाळी सात दहा. नळाला पाणी नाही. घरात माणसं तीन. पिण्याचं पाणी दोन कळश्या आणि एक तांब्या.